हेंप (औद्योगिक भांग)

हेंप म्हणजे कॅनाबिस सटायव्हा याच झाडाच्या, धाग्यासाठी आणि बियांसाठी लावल्या जाणाऱ्या जाती. नशा आणणारं टीएचसी यांच्यात नावापुरतंच असतं, उत्तराखंडात, अमेरिकेत आणि आता युरोपीय संघातही मर्यादा ०.३ टक्के आहे.

मराठीत याला धड एक नाव नाही आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. संस्कृतातला शण म्हणजे बहुतेक ठिकाणी ताग धरतात, आणि ताग म्हटलं की कुणी ज्यूट समजतो कुणी क्रोटालारिया (सन हेंप), अंबाडी तर तिसरीच, तरी तिच्या शास्त्रीय नावात कॅनाबिनस आहेच. भाताआधी हिरवळीचं खत म्हणून जो ताग पेरतात त्याच्या बियाण्याच्या पिशवीवर सन हेंप असं छापलेलं असतं, ते बघून दचकायचं कारण नाही, पिवळ्या फुलांचं शेंगेचं झाड ते, भांगेशी काडीचाही संबंध नाही.

मूळ कुठलं यावर वाद आहे. जुनं मत मध्य आशियाचं. २०२१ साली ११० जनुकसंच तपासून झालेल्या अभ्यासात पूर्व आशिया आणि साधारण १२,००० वर्षांपूर्वीचा काळ सुचवलाय, सध्या तेच जास्त पटण्यासारखं वाटतं. आपल्याकडे पाणिनीच्या एका सूत्रात (५.२.४) तीळ, उडीद, जवस यांच्या पंगतीत भंगा येते, आणि तीही कशासाठी तर त्या पिकाच्या शेताला काय म्हणावं यासाठी, म्हणजे ती शेतात पेरत असावेत, पण धाग्यासाठी की बियांसाठी हे सूत्रावरून कळत नाही. वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात मात्र भांगेचे तुकडे सापडलेत, २०१६ साली ते प्रसिद्ध झालं. आज हेंपच्या काडीचा भुसा चुन्यात कालवून भिंती करतात ती याच प्रकारची कल्पना.

गोव्याचा संबंध येतो तो गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्यामुळे, पणजीतलं उद्यान ज्याच्या नावाचं आहे तोच. १५६३ साली गोव्यात छापलेल्या त्याच्या ग्रंथात भांगेवर वेगळा संवाद आहे आणि त्यात तो म्हणतो की ही पोर्तुगालातली धाग्याची भांग नव्हे, हिचं बी लहान आणि तितकंसं पांढरंही नाही. १७८५ मध्ये लामार्क या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने इंडिका ही जातच वेगळी केली. आज बरेच जण सटायव्हा आणि इंडिका एकच जात धरतात, पण पिकाच्या दृष्टीने ऑर्ताचं निरीक्षण चुकीचं म्हणता येत नाही.

धाग्याचं हेंप दाट पेरतात, म्हणजे फांद्या न फुटता काडी सरळ वर जाते, ९० ते १२० दिवसांत कापतात आणि दवात किंवा पाण्यात कुजवतात. नीट कुजलेली काडी मोडली की आतला पांढरा भाग कडकन तुटतो आणि सालीची लांब पट्टी हातात राहते, धागा तो. अडचण अशी की हे झाड रात्र लांबली की फुलतं, गोवा १५ अंश अक्षांशावर, सगळ्यात मोठा दिवसही १३ तासांच्या आसपास, त्यामुळे युरोपातल्या जाती इथे लवकर फुलोऱ्यात जातात आणि काडी आखूडच राहते. शिवाय दोरासाठी इथे नारळाची सोडणं खाऱ्या पाण्यात कुजवून सुंभ वळायची रीत आधीपासूनच होती.

कायद्याचं थोडक्यात: १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात, म्हणजे अमली पदार्थांच्या केंद्रीय कायद्यात, भांगेच्या लागवडीला बंदी आहे, पण कलम १४ प्रमाणे धागा किंवा बियांसाठी सरकार परवानगी देऊ शकतं. २०१८ मध्ये उत्तराखंडाने परवाने सुरू केले. हेंपचं बी, तेल आणि पीठ २०२१ पासून अन्न म्हणून चालतं. गोव्यात २०२० च्या अखेरीस औषधी गांजाच्या लागवडीचा प्रस्ताव आला होता, तो हेंपचा नव्हता, आणि विरोधानंतर पुढे गेला नाही. किनाऱ्याकडच्या दुकानांत हेंपच्या झोळ्या आणि शर्ट टांगलेले दिसतात ते इथल्या शेतातले नाहीत.