बिननंबरच्या दोन स्कूटर

सोलापूरच्या कन्ना चौकातल्या एका चहाच्या टपरीसमोर परवा दोन इलेक्ट्रिक स्कूटर शेजारी-शेजारी उभ्या होत्या. दोन्ही राखाडी, आणि दोन्हींच्या मागे नंबरप्लेटच्या जागी विकणाऱ्या दुकानाच्या नावाची पट्टी. एक आमच्या शेजारच्या काकांची. दुसरी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्यात जाणाऱ्या एका पोराची. आदल्या आठवड्यात वाहतूक पोलिसांनी त्याची गाडी उचलून नेली होती आणि त्याने ती नुकतीच सोडवून आणली होती. काकांचा सवाल सरळ होता : "माझी पण बिनपासिंगची, त्याची पण बिनपासिंगची. मग त्यालाच का धरलं ओ?"

कारण त्या दोन वेगळ्या गाड्या आहेत. बाहेरून बघून ते कळत नाही, एवढंच.

"इलेक्ट्रिक गाडीला पासिंग लागत नाही" असं कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही. लिहिलंय ते केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधल्या बॅटरीवर चालणाऱ्या वाहनाच्या व्याख्येत, आणि तेही अटी घालून. मोटरची तीस मिनिटांची पॉवर 250 वॅटपेक्षा कमी हवी. वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत हवा. बॅटरी सोडून गाडीचं वजन 60 किलोपेक्षा जास्त नको. ब्रेक धड हवेत, पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर हवा. हे सगळं पुण्याच्या एआरएआयसारख्या अधिकृत चाचणी संस्थेने तपासून मान्य केलेलं असेल, तरच ती गाडी "मोटार वाहन" धरली जात नाही. पॅडल मारायच्या इलेक्ट्रिक सायकलीलाही जवळपास हाच नियम आहे. फक्त तिथे पाय थांबले की मोटरही थांबली पाहिजे.

काकांची गाडी या खान्यातली, निदान विकताना तसं सांगितलेलं. मोटार वाहनच नाही म्हटल्यावर पासिंग नको, लायसन नको, विमा नको, हेल्मेटची सक्तीही नाही. कायद्याच्या नजरेत ती सायकलीच्या पंगतीला बसते. म्हणून कशीही हाणावी असं मात्र नाही. भारतीय न्याय संहितेतलं बेदरकारपणे वाहन चालवण्याचं कलम 281 कुठल्याही वाहनाला लागतं, त्याला नंबर असो नसो.

पोराची गाडी यातली एक अट मोडते. एक मोडली तरी पुरे. मग ती सवलतीतली स्कूटर उरत नाही. ती पुरती मोटार वाहन होते, फक्त कागदपत्रांशिवाय रस्त्यावर आलेली, म्हणजे बिननंबरची बुलेट फिरवण्यासारखंच. मोटार वाहन कायद्यात नोंदणी नसल्याबद्दल पहिल्या वेळी 5 हजारांपर्यंत, लायसन नसल्याबद्दल 5 हजार, विमा नसल्याबद्दल 2 हजार दंड आहे. हेल्मेटचा वेगळाच. शिवाय बिननोंदणीची गाडी जप्त करायचा अधिकार पोलिसांना आहे. चालवणारा अठराच्या आतला निघाला तर बापाला किंवा मालकाला 25 हजार दंड आणि 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. "शाळेला जायला पोरीला घेऊन दिली" म्हणणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

ही दुसरी गाडी बहुतेक वेळा पहिलीतूनच जन्माला येते. पोराने सीट उचलून मला दाखवलं. बॅटरीच्या मागे कंट्रोलर, म्हणजे मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणारा भाग, असतो, पत्र्याच्या डब्यासारखा, आणि त्यातून वायरींचा झुबका बाहेर पडतो. त्यातल्या एका पातळ वायरीचा प्लग जोडलेला असेल तोवर मोटर 25 वर थांबते. तो सोडला की थांबत नाही. काही गाड्यांत उलटं असतं, जोडल्यावर वेग सुटतो. "दुकानातच काढून दिली त्यांनी," पोरगा म्हणाला, "पैसे पण नाही घेतले." पाच मिनिटांचं काम. चावी तीच, गाडी तीच, आणि कायद्याने मात्र वेगळी गाडी.

काही गाड्या तर तेवढ्याही कष्टाच्या नसतात, मुळातच दांडग्या मोटरच्या असतात. इथे एक घोळ समजून घ्यावा. 60 व्होल्टची बॅटरी आणि 30 अँपिअर देणारा कंट्रोलर असेल तर गुणाकार 1800 वॅट येतो, आणि लोक लगेच म्हणतात, पकडली चोरी. तसं नसतं. नियम तीस मिनिटांच्या पॉवरबद्दल बोलतो, म्हणजे मोटर न तापता अर्धा तास सलग जेवढी ताकद देऊ शकते तेवढी. चढावर चार सेकंद जास्त ओढणं वेगळं आणि होटगी रोडवर डबलसीट 45 ने सुसाट जाणं वेगळं. उलट बाजूने, मोटरवर "250W" छापलंय म्हणून ती 250 चीच असेल असंही नाही. स्टिकर छापायला काय लागतं!

वेग तपासायची गावठी पद्धतही फसवी आहे. गाडी स्टँडवर घ्यायची, मूठ पिळायची आणि मीटर बघायचा. चाक हवेत असताना त्याच्यावर भार नसतो, त्यामुळे ते रस्त्यावरच्यापेक्षा जोरात फिरतं आणि खरी 24 ची गाडीही तिथे जास्त आकडा दाखवू शकते. त्यापेक्षा सपाट मोकळ्या रस्त्यावर, एकट्याने, मोबाईलच्या जीपीएसवर वेग बघा. तीसच्या वर जात असेल तर पुढे वाद घालण्यात अर्थ नाही.

पोलिसांची अडचण इथेच आहे. चौकातला कॅमेरा नंबरप्लेट वाचतो आणि ई-चलान नंबरावर जातं. दोन्ही स्कूटरना नंबर नाही, म्हणून कॅमेऱ्याला दोघीही दिसत नाहीत. मग उरतो सात रस्त्यावर उन्हात उभा असलेला हवालदार. त्याने कुठल्या बिननंबरच्या गाडीला हात करायचा? डोळ्यांनी वॅट दिसत नाहीत. तो वेगावरून अंदाज बांधतो. रिक्षाला मागे टाकून गेली की थांबवतो, आणि शंका असेल तर प्रकरण आरटीओच्या मोटार वाहन निरीक्षकाकडे जातं. काका विशीच्या वेगाने डाव्या कडेने जातात म्हणून सुटतात, गाडी कायदेशीर आहे म्हणून नव्हे. राज्याच्या परिवहन खात्याने 2022 मध्येच अशा वेग वाढवलेल्या गाड्यांविरुद्ध मोहीम घेण्याचे आदेश दिले होते, आणि त्यात बनवणाऱ्या-विकणाऱ्यांनाही धरलं होतं. कायद्यातही नियमबाह्य गाडी विकणाऱ्या डीलरला दर गाडीमागे 1 लाख दंड किंवा वर्षापर्यंत कैद आहे. माझं मत विचाराल तर सुरुवात तिथूनच व्हावी. प्लग दुकानात निघतो आणि दंड कारखान्याच्या कामगाराच्या पगारातून, हे काही बरोबर नाही.

दंडाचं एक वेळ सोडा. 25 चा वेग 50 केला की थांबवायची ऊर्जा दुप्पट नाही, चौपट होते. ब्रेक, टायर, फ्रेम मात्र सायकलीच्या पंगतीतले तेच राहतात. गाळप हंगामात उसाच्या ट्रॉल्यांच्या मधून अशी गाडी काढणाऱ्याने याचा विचार करावा. आणि धडकेत समोरचा माणूस जखमी झाला, तर ती गाडी मोटार वाहन ठरते आणि विमा तर नाहीच. भरपाईची रक्कम मालकाच्या खिशातून जाते, मग त्यासाठी घर विकावं लागलं तरी.

पोराला वेग हवा होता, ती त्याची गरज होती. रोज कुंभारीहून एमआयडीसी विशीच्या वेगाने गाठायची म्हणजे शिफ्ट चुकणार. मग त्याने सरळ पासिंगची इलेक्ट्रिक घ्यायची होती. हिरवी प्लेट, पांढरी अक्षरं, एम.एच. 13. लोक पासिंगच्या खर्चाला घाबरतात, पण बॅटरीवरच्या गाड्यांची नोंदणी फी केंद्राने 2021 मध्येच माफ केली. विमा, लायसन, हेल्मेट एवढं राहतं.

मग काकांची गाडी तरी खरी सवलतीतली का? मी त्यांना म्हटलं, दुकानदाराकडून चाचणी संस्थेच्या प्रमाणपत्राची प्रत मागा, आणि त्यावरचं मॉडेलचं नाव गाडीवरच्या पट्टीशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. दोघे मिळूनच गेलो. दुकानदाराने आधी रंगीत माहितीपत्रक दिलं. वर मोठ्या अक्षरात "नो लायसन, नो आरटीओ", आतल्या पानावर "तीन स्पीड मोड, टॉप स्पीड 55". ते नको, प्रमाणपत्र द्या म्हटल्यावर बराच वेळ कपाट उघडझाप झालं आणि एक झेरॉक्स निघाली. काका चष्मा पुसून बाहेर गाडीपाशी गेले आणि वाकून वाचू लागले. झेरॉक्सवर मॉडेलच्या नावापुढे "एल" होतं, गाडीवर "एस".

"एकच असतंय ओ ते," दुकानदार दारातून म्हणाला, "फक्त ग्राफिक्स वेगळं."

काकांनी चावी त्याच्या काउंटरवर ठेवली आणि आम्ही रिक्षाने घरी आलो.