भौमितिक सह्यता : फिरत्या यंत्रभागांवरील

फिरणाऱ्या यंत्रभागावरील पृष्ठे, छिद्रे व खाचा ठरावीक अक्षापासून किती ढळलेल्या चालतील, याची आरेखनावर चिन्हांनी दिलेली मर्यादा. अधिक-उणे मापाची नेहमीची सह्यता (मापात चालणारा फरक) वाचकाला ठाऊक आहे, असे येथे गृहीत धरले आहे.

जागेची मर्यादा अशी देण्याच्या कल्पनेचे श्रेय वादग्रस्त आहे. बहुतेक अभ्यासक स्कॉटलंडमधील अलेक्झांड्रिया येथील टॉर्पेडो कारखान्यातील स्टॅन्ली पार्कर यांचे नाव घेतात व काळ १९३८च्या सुमाराचा धरतात. छिद्राचा मध्य जेथे आलेला चालेल ते क्षेत्र चौकोनी देण्याऐवजी वर्तुळाकार द्यावे, हा त्यांचा मुद्दा. चौकोनाचा कोपरा चालत असेल, तर मध्यापासून तितक्याच अंतरावरचा इतर बिंदू नाकारण्यास आधार उरत नाही. कोपऱ्यांतून जाणारे वर्तुळ चौकोनापेक्षा क्षेत्रफळाने सुमारे ५७ टक्के मोठे असते. काहीजण मूळ विल्यम टेलर यांच्या १९०५ सालच्या गेज-पेटंटपर्यंत (गेज म्हणजे माप तपासण्याचे साधन) नेतात. मात्र तेथे विचार आकारमानाचा आहे, जागेचा नव्हे. म्हणून पार्कर यांचे नाव अधिक ग्राह्य वाटते.

शाफ्टच्या (फिरत्या दंडाच्या) बाबतीत समाक्षता (अक्ष एका रेषेत असणे) व रनआऊट यांची गल्लत होते. बेअरिंगच्या दोन बैठकींवरून (बेअरिंग जेथे बसतात त्या पृष्ठांवरून) ठरणाऱ्या अक्षाभोवती भाग फिरवला की त्यावर टेकवलेल्या डायलचा (सूक्ष्म सरक दाखवणाऱ्या मापकाचा) काटा जेवढा हलतो तो रनआऊट. मध्य ०.०५ मिमी सरकला असेल, तर गोल भागावरही काटा ०.१० मिमी हलतो. समाक्षतेत केवळ अक्षाची जागा पाहतात. अमेरिकी मानकाने २०१८मध्ये समकेंद्रता (समाक्षतेसाठीचेच चिन्ह) व सममितीची चिन्हे वगळली. आंतरराष्ट्रीय आयएसओ ११०१मध्ये ती आहेत. मोजणीच्या सोयीने पाहता रनआऊटच बरा.

  वडोदऱ्यातील मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत मराठी फिटरही ‘रनआऊट’च म्हणतो, ‘समाक्षता’ पुस्तकात राहते.

तपासणीत व्ही-ब्लॉकवर (व्ही आकाराची खाच असलेल्या आधारठोकळ्यावर) फार विसंबू नये. बैठक ६० अंशांच्या खाचेत टेकवून वर डायल लावला, तर किंचित लंबगोल बैठकीवरही काटा हलत नाही आणि तीन उंचवट्यांच्या बैठकीची चूक तिप्पट दिसते. ९० अंशांच्या खाचेत तीच चूक दुप्पट दिसते. सेंटरमध्ये (दोन्ही टोकांच्या छिद्रांत बसणाऱ्या टोकदार आधारांमध्ये) धरून तपासावे, तर सेंटरची छिद्रे बैठकींशी जुळलेली हवीत.

भाग स्वतःच्या अक्षाभोवती किती कोनातून फिरलेला असावा, हे मात्र रनआऊट मुळीच ठरवत नाही. फ्लँजवरील (शाफ्टच्या रुंद कडेवरील) बोल्टची छिद्रे की-वेच्या (चावी बसवण्याच्या खाचेच्या) विशिष्ट कोनात हवी असतील, तर अक्षाशिवाय की-वेचा मध्यप्रतलही संदर्भ म्हणून द्यावा लागतो. १०० मिमी व्यासाच्या बोल्टवर्तुळावर ०.१ अंशाची चूक सुमारे ०.०९ मिमी भरते. तो संदर्भ सुटला, तर छिद्रे की-वेच्या मानाने कोठेही आली तरी आरेखनानुसार भाग बरोबरच ठरतो.