ठाम देहबोली आणि दरडावणारी देहबोली

ग्रामसभा असो, तहसील कार्यालयातली सुनावणी असो किंवा लोकसेवा आयोगाची मुलाखत असो, "ताठ बस, नजरेला नजर देऊन बोल, आवाज खणखणीत ठेव" हा सल्ला मराठवाड्यातल्या तरुणांना कुणी ना कुणी दिलेलाच असतो. हा सल्ला चुकीचा नाही, पण अपुरा आहे. कारण ताठ कणा, स्थिर नजर आणि सावकाश बोलणे ही लक्षणे आपल्या म्हणण्याची खात्री असलेल्या माणसाच्या ठायी जशी असतात, तशीच समोरच्याला दाबू पाहणाऱ्याच्या ठायीही असतात. त्यामुळे नुसते बोलणाऱ्याकडे पाहून या दोघांत फरक करणे अवघड जाते. माझ्या मते तो फरक समोरचा बोलत असताना उघड होतो.

गावातल्या टँकरचा प्रश्न घ्या. ग्रामसभेत कुणीतरी उठून विचारते की, कागदावर चार खेपा दिसतात आणि गावात दोनच कशा येतात. दरडावणारा पदाधिकारी तेव्हा शेजारच्या खुर्चीच्या पाठीवर हात टाकून मागे रेलतो, विचारणाऱ्याऐवजी ग्रामसेवकाकडे किंवा मोबाइलकडे पाहतो आणि प्रश्न संपण्याआधीच तर्जनी उगारून उत्तर सुरू करतो. ठाम पदाधिकारी खांद्यांसकट विचारणाऱ्याकडे वळतो, हातातला पेन खाली ठेवतो, प्रश्न पुरा होऊ देतो, नोंदवही उघडून ती सगळ्यांना दिसेल अशी धरतो आणि मगच बोलतो. पाठ दोघांचीही वाकलेली नसते आणि आवाजही दोघांचा चढा असू शकतो. पण पहिल्याच्या सभेत पुढचा प्रश्न विचारायला कुणी उठत नाही आणि दुसऱ्याच्या सभेत उठते.

नजरेचा हा फरक अभ्यासकांनीही टिपला आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ राल्फ एक्सलाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९७५ सालच्या अभ्यासापासून माणूस बोलताना किती पाहतो आणि ऐकताना किती पाहतो याचे गुणोत्तर मोजले जाते. सर्वसाधारणपणे माणूस बोलताना कमी आणि ऐकताना जास्त पाहतो. ज्याच्या हाती सत्ता असते तो मात्र बोलताना नजर रोखतो आणि ऐकताना काढून घेतो. पुढे २००१ मध्ये जोसेफ हेन्रिक आणि फ्रान्सिस्को गिल-व्हाइट यांनी समाजात मान मिळण्याच्या दोन वाटा वेगळ्या करून दाखवल्या. एक वाट धाकाची, तर दुसरी लोकांनी आपणहून दिलेल्या आदराची. धाकाने मिळालेला मान टिकवायला धाक सतत दाखवावा लागतो, आणि म्हणूनच दरडावणारे शरीर ऐकतानाही स्वस्थ बसू शकत नाही, असे मला वाटते.

नजरेबाबत आपल्याकडे आणखी एक भान हवे. वडीलधाऱ्यांसमोर नजर खाली ठेवणे ही आपल्याकडची अदब आहे, भित्रेपणा नव्हे. महाराष्ट्रात पंचायतींमध्ये महिलांसाठी ५० टक्के जागा राखीव असल्याने गावोगावी सरपंचपदी महिला आहेत. चुलत सासरे समोर बसलेले असताना एखादी सरपंच डोक्यावरचा पदर सावरून, "आबा, तुमचं ऐकलं, पण ठराव असा झालाय" असे नोंदवहीकडे पाहतच म्हणते आणि मध्येच कुणी तोडले तरी वाक्य अर्धवट सोडत नाही. तिला आत्मविश्वास नाही असे म्हणणारा निव्वळ डोळे पाहतो, वाक्य पाहत नाही. उलट हीच सरपंच मान वर करून बोलली तर तिला फटकळ म्हणणारेही त्याच सभेत असतात, आणि पुरुषाला मात्र त्याच पवित्र्याबद्दल खमक्या म्हटले जाते. हा अन्याय आहे.

मुलाखतीला जाणाऱ्यांना आणखी एक गोष्ट सांगायला हवी. दोन मिनिटे हातपाय पसरून ऐसपैस बसले किंवा उभे राहिले की शरीरातली संप्रेरकेच (हार्मोन्स) बदलतात, असा दावा २०१० साली एका अमेरिकी अभ्यासाने केला होता आणि तो फार गाजला. त्यात सहभागी माणसे अवघी ४२ होती. २०१५ मध्ये एव्हा रानेहिल यांच्या गटाने २०० जणांवर तसाच प्रयोग केला, तेव्हा संप्रेरकांत बदल आढळला नाही. स्वतःला थोडे बलवान वाटते, एवढेच दिसले. वर्षभराने मूळ अभ्यासाच्या पहिल्या लेखिका डेना कार्नी यांनीही या परिणामावर आपला विश्वास उरला नसल्याचे जाहीर केले. म्हणून आरशासमोर छाती काढण्याचा सराव करण्यापेक्षा सरावाच्या मुलाखतीत मित्राला मुद्दाम लांबलचक, तिरकस प्रश्न विचारायला लावावा आणि तो बोलत असताना आपले हात, हनुवटी आणि पाय काय करतात याचे मोबाइलवर चित्रीकरण करून पाहावे. प्रश्न संपण्यापूर्वीच मान हलू लागली किंवा ओठ उघडले, तर उत्तर कितीही तयार असले तरी समोरच्या सदस्यांना ती घाई दिसते.