घरी जोडलेला रेडिओ बोलत नाही? आधी सप्लाय तपासा

आमच्याकडून रेडिओचं किट नेलेले ग्राहक थोड्या दिवसांनी बोर्ड घेऊन येतात तेव्हा त्यांचं म्हणणं बहुधा एकच असतं: "आयसी गेला." पुण्याच्या तपकीर गल्लीतून नवा ७८०९ (रेडिओला स्थिर ९ व्होल्ट देणारा आयसी) आणून, बदलून झालेला असतो. तरी रेडिओ गप्पच. आमचं कळकळीचं सांगणं आहे की काहीही बदलण्याआधी मीटर लावा. आयसी वारंवार उपसला की बोर्डाची तांब्याची पट्टी उचकटते, आणि ती दुरुस्त करणं मूळ बिघाडापेक्षा अवघड जातं.

हात घालण्याआधी एक सांभाळा. ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवर, म्हणजे प्लगकडच्या बाजूला, २३० व्होल्ट असतात. प्लग काढल्याशिवाय बोर्डाला हात लावू नका. प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. १ किलो-ओहमचा रेझिस्टर पकडीत धरून कपॅसिटरच्या दोन पायांना ५ सेकंद टेकवा.

आता सप्लायपासून (घरच्या विजेचे ९ व्होल्ट डीसी करणारा भाग) रेडिओकडे जाणारी लाल वायर एका टोकाने सोडवा. बिघाड सप्लायमध्ये आहे की रेडिओत, हे या एका वायरीवरून कळतं. प्लग लावून मोजायला सुरुवात करा. ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीवर, म्हणजे बोर्डाकडच्या बाजूला, १२ ते १४ व्होल्ट एसी मिळाले पाहिजेत. मग मोठ्या, १००० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरवर साधारण १६ ते १८ व्होल्ट डीसी. "१२ चे १६ कसे झाले?" असं बरेच जण विचारतात. एसीचं शिखर मीटरच्या आकड्याच्या १.४ पट असतं, म्हणजे १७ च्या आसपास. त्यातला सव्वा-दीड व्होल्ट ब्रिजमधले (एसीचा डीसी करणारी चार डायोडची जोडणी) दोन डायोड खातात. म्हणूनच इथे १६ व्होल्टचा कपॅसिटर लावू नका, २५ चाच लावा. शेवटी ७८०९ च्या आउटपुटला ८.६ ते ९.४ व्होल्ट. जिथे आकडा बिघडला, तिथेच किंवा त्याच्या लगेच मागे दोष शोधा.

तिन्ही आकडे बरोबर आले तर सप्लाय बहुधा निर्दोष आहे. लाल वायर पुन्हा जोडा. आता ९ चे ३ झाले आणि ७८०९ ला बोट टेकवत नाही इतका तापला, तर रेडिओच्या बाजूला शॉर्ट आहे. बहुतेक वेळा उलटा लावलेला कपॅसिटर, नाहीतर दोन टाक्यांमध्ये सांडलेला सोल्डर.

नुसती घूं घूं येत असेल तर मोठा कपॅसिटर बघा. कोथरूडचे एक काका स्टीलच्या डब्यात बोर्ड घेऊन आले होते. तीन कपॅसिटर बदलूनही घूं जात नव्हती. भिंगातून पाहिलं तर कपॅसिटरच्या पायाभोवती सोल्डरमध्ये केसाएवढी गोल भेग होती. लाकडी पेन्सिलीने कपॅसिटर हलकेच दाबला की आवाज स्वच्छ, सोडला की परत घूं. जुना सोल्डर काढून, पाय खरवडून नवा टाका दिला आणि काम झालं. ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न धरलेला टाका, असाच फसवतो, कारण लोड नसताना (लाल वायर सोडलेली असताना) मीटर आकडे बरोबर दाखवतो.

आणखी एक तक्रार येते: मीडियम वेव्हवर ७९२ किलोहर्ट्झला पुणे केंद्र लावलं की घूं, काटा बाजूला सरकवला की शांत. हा दोष मोठ्या कपॅसिटरचा नाही. ब्रिजच्या चारही ४००७ डायोडना समांतर ०.०१ मायक्रोफॅरडचा एकेक डिस्क कपॅसिटर लावा, बहुधा थांबते.

एवढं करूनही जमलं नाही तर बोर्ड खुशाल घेऊन या. ट्रान्सफॉर्मर सोबत आणा, आणि तिन्ही ठिकाणचे आकडे चिठ्ठीवर लिहून आणा, लाल वायर सोडलेली असतानाचे आणि जोडलेली असतानाचे वेगळे.