अपस्मार (फेफरे, मिरगी)

अपस्मार : मेंदूतील चेतापेशींमध्ये एकाएकी अतिरिक्त विद्युत्-विसर्ग होऊन शुद्ध, हालचाल, संवेदना किंवा वर्तन थोडा वेळ बिघडते. असे झटके तात्कालिक कारणावाचून पुन्हा पुन्हा येण्याची प्रवृत्ती म्हणजे अपस्मार. बोलीत याला ‘फेफरे’, ‘मिरगी’ किंवा ‘फिट येणे’ म्हणतात. लहान मुलाला तापात येणारी आकडी यात मोडत नाही.

‘अपस्मार’ या संज्ञेच्या अर्थाविषयी थोडा मतभेद आहे. ‘स्मृतीचा अपगम’, म्हणजे स्मृती जाणे, ही सर्वपरिचित व्याख्या चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात (उपचारांच्या विभागात) येते. पण संहितेचा भाष्यकार चक्रपाणी याच्या टीकेनुसार तो अध्याय, अपुरी संहिता नंतर पूर्ण करणाऱ्या दृढबलाने पुरा केलेल्या भागात पडतो. म्हणजे ती व्याख्या बरीच उत्तरकालीन असू शकते. त्याच संहितेच्या निदानस्थानातील (रोगनिदानाच्या विभागातील) व्याख्या त्याआधीची मानता येईल. तीत स्मृती, बुद्धी व सत्त्व (मन) यांच्या संप्लवामुळे (बिघाडामुळे) होणारा, बीभत्स चेष्टांनी युक्त असा ‘आवस्थिक तमःप्रवेश’ (अंधारात शिरणे, शुद्ध हरपणे), असे वर्णन आहे. सुश्रुतसंहितेत ‘अप’चा अर्थ ‘परिवर्जन’ (सोडून जाणे) असा दिला आहे. प्राचीन अपस्मार व आजचा अपस्मार एकच की त्यात घेरी आणि उन्मादाचे प्रकारही मिसळले होते, याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. तथापि ‘आवस्थिक’, म्हणजे मधूनमधून येणारा, हा शब्द पाहता मूळ निरीक्षण झटक्यांचेच असावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. बॅबिलोनी मृत्तिकापट्टांवरील झटक्यांची वर्णने याहून जुनी, साधारण इ. स. पू. अकराव्या शतकाच्या सुमाराची समजली जातात.

निदान मुख्यतः प्रत्यक्ष पाहणाऱ्याच्या सांगण्यावर ठरते, कारण झटक्यात शुद्ध हरपली तर रोग्याला स्वतःला काहीच आठवत नाही. मान कोणत्या बाजूला वळली, आधी कोणता हात आखडला, डोळे उघडे होते का, भानावर यायला किती वेळ लागला, हे घरच्यांकडून काढून घ्यावे लागते. मोबाइलवर केलेले चित्रण आता फार उपयोगी पडते. हान्स बेर्गर यांनी 1929 मध्ये प्रसिद्ध केलेला मेंदूचा विद्युत् आलेख (ईईजी) मदतीला असतो. मात्र दोन झटक्यांच्या मधला आलेख निर्दोष आला म्हणून अपस्मार नाही असे ठरत नाही. किशोरवयातील एका प्रकारात सकाळी उठल्यावर हातांना हिसके बसतात, चहाचा कप हातातून उडतो. घरचे याला वेंधळेपणा समजतात आणि विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. हे लक्षण नजरेतून सुटले आणि कार्बामॅझेपिन हे अपस्मारावरचे औषध सुरू झाले, तर हिसके वाढू शकतात.

भारतात फीतकृमीच्या अळीची मेंदूतील गाठ हे एक महत्त्वाचे कारण आहे. कृमीची अंडी दूषित पाणी किंवा भाजीतून पोटात जात असल्याने शाकाहारी माणसालाही ती होते.

झटका आला असता रोग्याला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ काही द्यावे आणि घड्याळ पाहावे. तोंडात चमचा घालू नये, दातखिळी उघडू नये. कांदा किंवा चप्पल हुंगवण्याने काही साधत नाही. झटका बहुधा एक-दोन मिनिटांत आपोआप थांबतो आणि श्रेय कांद्याला मिळते. पाच मिनिटांहून अधिक चालल्यास रुग्णालय गाठावे.

औषधांचा इतिहास ब्रोमाइड (1857), फिनोबार्बिटोन (1912), फेनिटॉइन (1938) असा आहे. योग्य औषधाने सुमारे 70 टक्के रोग्यांचे झटके थांबू शकतात. व्हॅल्प्रोएट या औषधामुळे गर्भात व्यंग येण्याचा धोका असल्याने तरुण स्त्रियांना ते शक्यतो टाळतात. गोळ्या दाद देत नसतील तर निवडक रोग्यांना शस्त्रक्रिया लाभते.

गोळ्या चुकणे हे झटका उलटण्याचे नेहमीचे कारण होय. लग्न जमवताना आजार लपवला जातो आणि मग मुलीला सासरी गोळ्याही लपवूनच घ्याव्या लागतात. हिंदू विवाह कायद्यातील अपस्माराचा अडसर 1999 च्या दुरुस्तीने काढला गेला आहे; स्थळ पाहणाऱ्या कित्येक घरांना हे ठाऊक नसते.