टाच, कणा आणि भूल : आनुवंशिक स्नायुविकारांतील शस्त्रक्रियांची पार्श्वभूमी

इंदुरातील आमच्या ओळखीच्या एका मराठी कुटुंबात नऊ वर्षांचा मुलगा आहे. त्याला ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी हा आनुवंशिक स्नायुविकार असून गेल्या दिवाळीपासून त्याच्या टाचा जमिनीला टेकेनाशा झाल्या आहेत. एका सर्जननी टाचेमागची शीर, म्हणजे पोटरीच्या स्नायूला टाचेच्या हाडाशी जोडणारी कंडरा, लांब करण्याचे ऑपरेशन सुचवले. दुसऱ्यांनी ते सध्या करू नये असे सांगितले. दोघेही अनुभवी आहेत आणि दोघांचेही सांगणे तळमळीचे आहे. मुलाचे आजोबा दोघांचे कागद घेऊन माझ्याकडे आले आणि "आता आम्ही कोणाचे ऐकायचे?" असे त्यांनी विचारले. फिजिओथेरपीच्या कामात इतकी वर्षे काढूनही मला त्यांना एका वाक्यात उत्तर देता आले नाही, कारण या मतभेदामागे पावणेदोनशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. तो त्यांच्यासाठी आणि त्यांच्यासारख्या इतर घरांसाठी येथे मांडत आहे.

हा आजार सर्वांत आधी घरच्यांना दिसतो. पंगतीत मांडी घालून बसलेली मुले हात धुवायला टुणकन उठतात. हा मुलगा मात्र आधी पालथा होऊन दोन्ही हात जमिनीवर टेकतो, कंबर वर उचलतो, मग एक हात गुडघ्यावर, दुसरा मांडीवर, असे स्वतःच्याच पायांवर हात चढवत उभा राहतो. विल्यम गॉवर्स या लंडनच्या डॉक्टरांनी १८७९ मध्ये उठण्याची ही रीत इतक्या नेमकेपणाने वर्णिली की आजही तिला गॉवर्सचे लक्षण म्हणतात. दुसरी खूण फसवी आहे. मुलाच्या पोटऱ्या भरदार दिसतात, आणि आखाड्यांची परंपरा असलेल्या इंदुरात "पोरगा पैलवान होणार" असे त्यांचे कौतुकही होते. प्रत्यक्षात तेथील स्नायूंचे तंतू नष्ट होऊन त्यांची जागा चरबी आणि चिवट तंतुमय ऊतक घेत असते. तिसरी फसगत रक्ताच्या तपासणीत होते. एसजीओटी आणि एसजीपीटी ही द्रव्ये यकृताप्रमाणे स्नायूंतूनही रक्तात उतरतात, त्यामुळे ती वाढलेली दिसली की कित्येक महिने यकृताचेच उपचार चालतात आणि सीपीके ही स्नायूंची झीज दाखवणारी रक्ताची साधी तपासणी कोणाला सुचत नाही.

या आजाराला ज्यांचे नाव मिळाले त्या गियोम ड्युशेन यांच्या आधी, १८५१ मध्ये, एडवर्ड मेरियन या इंग्रज डॉक्टरांनी तो लंडनच्या वैद्यकीय सभेपुढे मांडला होता. एकाच घरातील अनेक मुलगे या आजाराने खचत जातात, त्यांचा मज्जारज्जू निर्दोष असतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली स्नायुतंतूचे आवरणच फाटलेले दिसते, असे त्यांनी सांगितले. पुढे १९८६ मध्ये लुई कुंकेल यांच्या चमूने या आजाराचे जनुक शोधले, १९८७ मध्ये त्या जनुकापासून बनणाऱ्या डिस्ट्रॉफिन या प्रथिनाची ओळख पटली, आणि ते प्रथिन नेमके त्या आवरणाच्या आतल्या बाजूला बसून त्याला आधार देते हे कळले. मेरियन यांनी जे डोळ्यांनी पाहिले त्याचे कारण सापडायला १३५ वर्षे लागली. त्यांचे नाव आज फारसे कोणी घेत नाही, याचे मला नेहमी वाईट वाटते.

ड्युशेन यांचे श्रेय मात्र खरोखर मोठे आहे. १८६८ मध्ये त्यांनी १३ रुग्णांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. त्यासाठी त्यांनी एक पोकळ, टोकदार उपकरण तयार केले होते. ते त्वचेतून आत घालून जिवंत रुग्णाच्या स्नायूचा बारीक तुकडा बाहेर काढता येत असे, आणि त्यामुळे एकाच मुलाचा स्नायू आजाराच्या निरनिराळ्या टप्प्यांवर पाहणे प्रथमच शक्य झाले. या आजारात हत्यार प्रथम उपचारासाठी नव्हे, तर पाहण्यासाठी वापरले गेले. आता बहुतेक मुलांचे निदान रक्तातील जनुक तपासूनच होते. इंदुरातून नमुना मुंबईला किंवा दिल्लीला जातो, किंवा कुटुंबच अवंतिका एक्स्प्रेसने मुंबई गाठते. ७९ एक्सॉनांच्या (म्हणजे प्रथिनाचा आराखडा असलेल्या तुकड्यांच्या) या प्रचंड जनुकाचा काही भाग गळालेला असणे हे सुमारे दोनतृतीयांश मुलांमधील कारण असते.

हे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने आजार बहुधा मुलग्यांना होतो आणि पुष्कळदा आईकडून येतो. पण सुमारे एकतृतीयांश मुलांमध्ये हा बदल नव्यानेच घडलेला असतो, आणि आईकडून आलेला असला तरी त्यात तिचा दोष कसला? घरात सुनेला ऐकवल्या जाणाऱ्या बोलण्याला या विज्ञानात कोणताही आधार नाही, हे मी प्रत्येक घरात स्पष्टपणे सांगत आलो आहे.

आता टाचेकडे वळू. १८३१ मध्ये जर्मनीत लुई स्ट्रोमायर यांनी त्वचेला अगदी लहान छेद देऊन टाचेची कंडरा कापण्याची पद्धत यशस्वी करून दाखवली. जन्मतः किंवा बालपणीच्या आजाराने वाकड्या झालेल्या पावलांसाठी ती होती. विल्यम लिटल या तरुण इंग्रज डॉक्टरांचे स्वतःचे पाऊल वाकडे होते. त्यांनी १८३६ मध्ये हानोव्हरला जाऊन स्ट्रोमायर यांच्याकडून ते सरळ करून घेतले आणि ही विद्या लंडनला नेली. ज्या पायाचा स्नायू मुळात बरा आहे आणि फक्त कंडरा आखूड आहे, त्या पायासाठी हे वरदान ठरले. तीच शस्त्रक्रिया पुढे स्नायुविकाराच्या मुलांवरही होऊ लागली, आणि घोटाळा येथेच आहे.

ड्युशेनच्या आजारात मांडीचा पुढचा स्नायू आधी दुबळा होतो, त्यामुळे उभे राहताना गुडघा मुडपून मूल कोसळण्याची भीती असते. मग ते पोट पुढे काढते, पाठीला बाक देते आणि चवड्यांवर चालू लागते, म्हणजे शरीराचा भार गुडघ्याच्या पुढून खाली उतरतो आणि स्नायूने न धरताही गुडघा सरळ राहतो. आपल्याला जे व्यंग दिसते तो त्या मुलाने स्वतः शोधलेला तोल असतो. अशा वेळी टाचेची कंडरा जास्त लांब केली, तर पाऊल सपाट टेकते खरे, पण गुडघ्याचा आधार जातो आणि काल चवड्यांवर का होईना चालणारे मूल ऑपरेशननंतर उभे राहू शकत नाही. थांबायला सांगणाऱ्या सर्जनच्या मनात हीच भीती असते.

दुसऱ्या बाजूलाही पुरावा आहे. अमेरिकेतील क्लीव्हलंड येथील स्पेन्सर आणि विग्नोस यांनी १९६२ मध्ये दाखवून दिले की चालणे बंद होण्याच्या बेतात असलेल्या मुलांच्या आखडलेल्या कंडरा सोडवून लगेच मांडीपर्यंतचे कॅलिपर, म्हणजे पायाला आधार देणारे पट्टे-सळ्यांचे साधन, लावले आणि विनाविलंब उभे केले, तर ती आणखी काही काळ चालू शकतात. येथे गुडघ्याचा गेलेला आधार कॅलिपर देतो. ऑपरेशन, कॅलिपर आणि दुसऱ्या दिवसापासूनची फिजिओथेरपी हा एकच उपचार आहे. त्यातला पहिला भाग करून उरलेले दोन सोडून दिले, तर प्लास्टरमध्ये पडून राहिलेल्या मुलाची उरलीसुरली ताकदही जाते.

पुढचे पाऊल फ्रान्समधील पॉतिए येथील इव्ह रिदो यांनी १९८० च्या दशकात टाकले. आखडणे सुरू होण्याआधीच, चार ते सहा वर्षांच्या वयात, खुबा, गुडघा आणि घोटा येथील ताण सोडवावा, असे त्यांचे म्हणणे होते, आणि त्यांचे निकाल ऐकून अनेक देशांतील आईवडिलांच्या आशा पालवल्या. मात्र शस्त्रक्रिया झालेल्या मुलांची तुलना न झालेल्या मुलांशी कोणी केलेली नव्हती. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात व्हिक्टर डुबोविट्झ यांच्या चमूने ती केली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने मुलांचे दोन गट पाडून एका गटावर लवकर शस्त्रक्रिया झाली, दुसऱ्यावर झाली नाही. १९९२ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला : आखडलेपणा सुटला, पण ताकद किंवा हालचाल यांत शस्त्रक्रियेचा फायदा दिसला नाही, आणि काही मुलांच्या टाचा पुन्हा आखडल्या. चाचणी लहान होती. तरी या क्षेत्रातला इतका प्रामाणिक प्रयत्न विरळाच म्हणावा लागेल.

कण्याच्या बाबतीत असा प्रयत्न झालेलाच नाही. मूल चाकाच्या खुर्चीत बसू लागले की कणा एका बाजूला झुकू लागतो, बसणे दुखते आणि श्वासाला जागा उरत नाही. ह्यूस्टनचे पॉल हॅरिंग्टन यांनी पोलिओने वाकलेल्या पाठींसाठी धातूचे गज बसवण्याची पद्धत काढली. तिच्यात नंतर बराच काळ प्लास्टरमध्ये राहावे लागे, आणि हे स्नायुविकाराच्या मुलाला सोसणारे नव्हते. मेक्सिकोच्या एदुआर्दो लुके यांनी प्रत्येक मणक्याला तारेने गज बांधण्याची रीत आणली, तेव्हा प्लास्टरची गरज संपली आणि मुले काही दिवसांत बसू लागली. २००७ मध्ये इंग्लंडमधील न्यूकॅसल येथून असे आकडे आले की कण्याचे ऑपरेशन आणि रात्रीचे श्वसनयंत्र ही दोन्ही मिळालेल्यांचे मध्यक आयुर्मान (म्हणजे ज्या वयापर्यंत निम्मे रुग्ण जगले ते वय) ३० वर्षे होते, तर फक्त श्वसनयंत्र मिळालेल्यांचे २२.२ वर्षे. आकडा मोठा आहे. पण ज्यांचे हृदय आणि फुप्फुसे ऑपरेशन सोसण्याइतकी बरी होती तीच मुले पहिल्या गटात गेली असणार, हे विसरून चालणार नाही. उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या समीक्षकांनी या शस्त्रक्रियेच्या यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकून गट पाडलेल्या, चाचण्या शोधल्या, तेव्हा त्यांना एकही सापडली नाही. मी स्वतः या ऑपरेशनच्या बाजूने आहे, कारण नंतर आरामात बसलेली मुले मी पाहिली आहेत. मात्र तो माझा अनुभव आहे, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे.

शस्त्रक्रियांच्या गरजेला सर्वांत मोठा छेद एका गोळीने दिला. १९८९ मध्ये १०३ मुलांवरील चाचणीत प्रेडनिसोन या स्टेरॉइडने सहा महिन्यांत ताकद वाढल्याचे दिसले, आणि पुढे नियमित स्टेरॉइड घेणाऱ्या मुलांचे चालणे लांबले व कणा वाकण्याचे प्रमाणही घटले. निरोगी स्नायुपेशी टोचण्याच्या प्रयोगांचे नशीब मात्र उलटे निघाले. सुरुवातीला गाजावाजा झाला, पण १९९५ मध्ये १२ मुलांवरील काटेकोर चाचणीत त्यांचा उपयोग दिसला नाही.

शस्त्रक्रिया कोणतीही असो, या मुलांना खरा धोका पुष्कळदा भुलीचा असतो. १९६० मध्ये मेलबर्नच्या डेनबरो आणि लव्हेल यांनी एका तरुणाची हकीकत प्रसिद्ध केली. त्याचा पाय मोडला होता. पण त्याला पायाची काळजी नव्हती, भुलीची होती, कारण त्याचे दहा नातेवाईक भूल दिल्यानंतर दगावले होते. त्यातून मॅलिग्नंट हायपरथर्मिया हा आनुवंशिक स्नायुदोष जगाला कळला, आणि १९७९ मध्ये डँट्रोलिन हे त्यावरचे औषध अमेरिकेत मान्य झाले. ड्युशेनचा आजार त्याहून वेगळा आहे, तरी भुलीच्या वायूंनी आणि सक्सिनिलकोलीन या इंजेक्शनने या मुलांचे कमकुवत स्नायू फुटतात, त्यांतील पोटॅशियम एकदम रक्तात येते आणि हृदय थांबू शकते. निदान न झालेली, वरून निरोगी दिसणारी मुले साध्या ऑपरेशनच्या टेबलावर अशी दगावली, तेव्हा १९९० च्या दशकात लहान मुलांसाठी या इंजेक्शनच्या वापराबद्दल कडक इशारे आले. शिरेतून दिली जाणारी भूल हा आता स्वीकारलेला मार्ग आहे, आणि भूलतज्ज्ञाला आजाराचे नाव आधी सांगणे ही घरच्यांचीही जबाबदारी आहे.

इंदुरात वैद्यकीय शिक्षण १८७८ मध्ये, गॉवर्स यांनी उठण्याची ती रीत वर्णिली त्याच्या आदल्या वर्षी सुरू झाले. ती शाळा पुढे १९४८ मध्ये महात्मा गांधी स्मारक वैद्यकीय महाविद्यालय झाली. पण क्लिनिकल संशोधनाच्या इतिहासात या शहराचे नाव येते ते वेगळ्या कारणाने. पुरेशी समज न देता रुग्णांवर औषधांच्या चाचण्या झाल्याच्या तक्रारी येथून उठल्या, आणि इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाने २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २०१३ मध्ये चाचणीत इजा झाल्यास भरपाईचे नियम आले आणि संमती घेतानाचे ध्वनिचित्रमुद्रणही सुरू झाले. २०१९ मध्ये अशा चाचण्यांसाठी नवी नियमावली लागू झाली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सात वर्षांवरील मुलाचा होकारही विचारावा लागतो. त्यामुळे "चाचणी" हा शब्द ऐकताच येथील आजोबा दचकतात, आणि त्यांचे दचकणे मला समजते. तरीही हॅमरस्मिथची ती चाचणी झाली नसती, तर या नातवावर चौथ्या वर्षीच तीन ठिकाणी सुरी चालली असती, हे मी त्यांना सांगितले.

त्यांच्या घरी आता इतके ठरले आहे : आधी हृदयाचा इको आणि श्वासाची तपासणी करायची; त्यानंतर दोन्ही सर्जनना मुलाच्या मांडीची ताकद मोजून दाखवायची; ऑपरेशन झालेच तर भूल शिरेतून द्यायची, कॅलिपर आधीच तयार ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी मुलाला उभे करायचे, हे लिहून घ्यायचे. आजोबांनी नातवालाही विचारले. त्याला शाळेच्या प्रार्थनेला सगळ्यांबरोबर उभे राहायचे आहे. तपासण्या होईपर्यंत रात्री झोपताना त्याच्या दोन्ही पायांना स्प्लिंट, म्हणजे पाऊल सरळ धरणारी पट्टी, बांधण्याचे काम आजोबांनी आपल्याकडे घेतले आहे.