अनप्लग्डच्या आधीचा चेलो

निर्वाणा या अमेरिकन रॉक बँडचं एमटीव्ही अनप्लग्ड (मुख्यतः अकूस्टिक वाद्यांवरची टीव्ही मैफल) आठवतंय ना? लिलीची फुलं, मेणबत्त्या, गायक कर्ट कोबेनचा तो ढगळ स्वेटर, आणि चेलो (व्हायोलिनचाच मोठा, खर्जातला भाऊ) घेऊन शांतपणे बसलेली एक बाई. ती लोरी गोल्डस्टन, सिअ‍ॅटलची. रेकॉर्डिंग १८ नोव्हेंबर १९९३ चं, न्यूयॉर्कमधलं. ऑल्टरनेटिव्ह रॉकमध्ये चेलो इथूनच आला असं बरेच जण धरून चालतात (मीही त्यातलाच), पण गोष्ट थोडी आधीची आहे.

रॉकवाल्यांना चेलो साठच्या दशकापासूनच माहीत होता, बीटल्सच्या स्ट्रॉबेरी फिल्ड्समध्ये तीन चेलो आणि चार ट्रम्पेट आहेत. पण तिथे त्यांच्या निर्मात्याने, जॉर्ज मार्टिनने, नोटेशन लिहून द्यायचं, वादकांनी यायचं, समोरचं वाजवायचं, पैसे घ्यायचे आणि घरी. मुंबईच्या फिल्म स्टुडिओत आपले गोवेकर वादकही वर्षानुवर्षं हेच करत होते. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत मात्र अख्खा ताफा नाही, एकटाच चेलो थेट बँडच्या मांडीला मांडी लावून बसायला लागला.

यात चेलोवादक जेन स्कारपँटोनीचं नाव घ्यायलाच हवं. १९८८ ला आर.ई.एम. बँडचा ग्रीन हा अल्बम, १९८९ ला बॉब मोल्डचा वर्कबुक, १९९४ ला क्रिस्टिन हर्शचा हिप्स अँड मेकर्स, सगळीकडे चेलो हिचाच. मोल्ड म्हणजे हुस्कर डू या बँडचा, कानठळ्या बसवणारा माणूस, तो बँड फुटल्यावर अकूस्टिक गिटार घेऊन बसला आणि सोबतीला चेलो घेतला. मला यातली मेख अशी वाटते की डिस्टॉर्शन (गिटारचा आवाज खरखरीत करणारा इफेक्ट) काढलं की गिटारचा सूर लगेच विरून जातो, आणि चेलोवर गज फिरतोय तोवर सूर हटत नाही, वर त्याची सगळ्यात खालची तार गिटारच्याही खाली जाते. म्हणजे आवाज न वाढवता खर्ज भरून निघतो.

निर्वाणाचंच घ्या. १९९१ ला समथिंग इन द वे या गाण्यासाठी कर्क कॅनिंगला बोलावलं, आणि कोबेनची गिटार जुनी, पाचच तारा, कधी सुरात लावलेलीच नाही! मग काय, बिचाऱ्याला चेलोच त्या बेसूर गिटारला जुळवावा लागला, आणि जुळवताना घाम फुटला. १९९३ च्या इन युटेरो अल्बमवर वाजवलं केरा शेलीने, त्याच वर्षी टूरवर आणि अनप्लग्डला लोरी, आणि १९९४ च्या युरोप टूरला मेलोरा क्रीगर. तीन-चार वर्षांत चार चेलोवाले, बँडचा मेंबर एकही नाही. त्यातल्या क्रीगरचा रास्पुटिना नावाचा स्वतःचा बँड होता, त्यात चेलोच पुढे आणि साथीला ड्रम्स.